बोटभर खळ

मला एका जागी बसवत नाही. शाळेत बाई म्हणायच्या, हिच्या बाकाचे खिळे उलटे मारलेत की काय. बाइंडिंगचं काम मला मानवलं ते त्यामुळेच. तिथं दिवसभर उभं राहायचं असतं आणि हात रिकामे राहत नाहीत. छापील कागदांचे फर्मे दुमडा, शिवा, पाठीला खळ लावा, पुठ्ठे बसवा, कापड ओढून घ्या, प्रेसखाली दाबा. माझे बाबाही हेच करायचे, त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. सोळाव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली लागले आणि आता चाळिशी उलटली तरी तिथंच आहे.

त्या दिवशी मात्र मला लॅबच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसावं लागलं, मांडीवर फॉर्म घेऊन. नाव, वय, वजन, आधीचे आजार. मी भराभर लिहीत सुटले आणि सातव्या प्रश्नाला अडखळले. ‘गेले दोन महिने तुमच्या रोजच्या खाण्यात गहू आहे का?’ पुढं दोन चौकोन. हो. नाही.

सरळ उत्तर ‘नाही’ होतं. आमच्या घरात वर्षभर गव्हाचा कण आला नव्हता. माझ्या लेकीला, ठेंगूला, गहू चालत नाही. पोटात गेला की तिचं शरीर तिच्याच आतड्यावर धावून जातं. सीलिअॅक म्हणतात या दुखण्याला. निदान झालं तेव्हाच डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की आईबापांनीही रक्त तपासून घ्या, हे घराण्यातून येऊ शकतं. त्या आणखीही काही म्हणाल्या असतील. माझं लक्ष ठेंगूच्या मनगटाकडे होतं, ते माझ्या दोन बोटांत मावत होतं. नवऱ्यानं त्याच आठवड्यात तपासून घेतलं आणि त्याचं काही निघालं नाही. मी आज जाते, उद्या जाते करत वर्ष काढलं. तिला एकटीला वेगळं ताट नको म्हणून तोवर घरातला सगळा गहू मीच बाहेर काढला.

पण मी खळ चाखते. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेला चिकट लगदा. तयार डिंक आता सगळीकडे मिळतो, तरी जुन्या पुस्तकांना आम्ही खळच लावतो आणि ती रोज सकाळी ताजी शिजवतो. ती शिजली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, जिभेला कळतं. कच्ची खळ जिभेवर खरखरते, शिजलेली सरकते. कच्ची राहिली तर चार महिन्यांत पुस्तकाची पाठ सुटते. बाबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकतात, त्याच्या आधी बोटभर चाखायची. ‘आधी, हं. मोरचूद पडला की ती किड्यांची, आपली नाही.’

मैदा म्हणजे गहूच, आणि रोज बोटभर पोटात जातोच. मी ‘हो’वर खूण केली. खोटं लिहिलं असतं तर एक वेळ बरं, त्याची टोचणी तरी लागते. मी खरं लिहिलं आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

वर्षभर टाळलेली तपासणी त्या दिवशी केली ती ठेंगूच्या तक्त्यामुळे. शाळेत त्यांना शिकवलं होतं की आपण आईबापांकडून काय काय घेऊन येतो, आणि घरून तक्ता करून आणायला सांगितलं होतं. तिनं नीट रेघा मारून चौकोन केले. नाक बाबांचं. कुरळे केस आईचे. डावखुरेपणा बाबांचा. तोंड उघडं ठेवून झोपणं आईचं, हे नवऱ्यानं सुचवलं. शेवटच्या चौकोनात तिनं ‘पोट’ लिहिलं आणि पेन्सिल चावत बसली.

“हे कुणाकडून, आई?”

“बाबांचं तर तपासलंय.”

“मग तुझं?”

मी ओटा पुसायला घेतला. तिनं तो चौकोन रिकामाच ठेवून तक्ता दिला. बाईंनी तपासून परत पाठवला तेव्हा तिनं तो टाचा उंचावून अभ्यासाच्या टेबलाच्या वर, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येईल असा भिंतीवर चिकटवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. घरात येता-जाता तो चौकोन मला दिसायला लागला.

मला भीती कसली होती, तेही सांगून टाकते. निदानाच्या आधीची दोन वर्षं ठेंगू जेवायला बसली की पोट दुखतं म्हणायची. मी म्हणायचे, अभ्यासाला बसवलं की डोकं आणि जेवायला बसवलं की पोट, तुझे अवयव भारी हुशार आहेत. तिची उंची वाढेना म्हणून आम्ही तिला ठेंगू म्हणायला लागलो, तेही लाडानं. एकदा ताटातलं संपल्याशिवाय उठायचं नाही म्हणून मी तिला तासभर बसवून ठेवलं होतं. ती रडत रडत पाव चघळत होती आणि मी समोर हाताची घडी घालून उभी होते. पोरीला दुखणंही मीच दिलं आणि त्यावरून बोलणीही मीच ऐकवली असं निघालं, तर मी कुठं तोंड लपवणार होते?

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. काही नाही. मी लॅबच्या पायऱ्या दोन-दोन उतरले आणि नवऱ्याला तिथूनच फोन लावला. “माझ्याकडून नाही,” मी म्हटलं. तो कुठल्यातरी शिडीवर चढून वायर ओढत होता. “बरं झालं,” म्हणाला. “आता जरा स्वस्थ बसशील.”

घरी आल्याबरोबर ठेंगूला सांगितलं, “तुझं ते पोट माझ्याकडून नाही. कुणाकडूनच नाही.”

मला वाटलं होतं ती नुसतं ‘बरं’ म्हणेल. तिनं तक्त्याकडे पाहिलं.

“म्हणजे मी एकटीच.”

“एकटी कशी? आम्ही सगळे तुझ्यासारखंच खातो ना?”

“खाता. पण तुम्हाला दुसरं चालतं,” ती म्हणाली आणि दप्तर भरायला लागली.

सुटका झाली होती आणि तरी माझ्या पायांना चैन नव्हतं. भांडी घासून झाली की ओटा घासायचा, ओटा झाला की खिडक्या. नवरा म्हणाला, भिंती तेवढ्या ठेव, घरमालकाच्या आहेत. मला राहून राहून वाटायचं की काहीतरी जुळत नाही. आमचं तोंड वर्षानुवर्षं आलेलं असायचं, जिभेच्या कडेला, गालाच्या आत. ‘आमचं’ म्हणजे माझं आणि बाबांचं. मला वाटायचं, माणसांचं तोंड असंच असतं. या वर्षभरात ते एकदाही आलं नव्हतं. संध्याकाळी पायांत गोळे यायचे, तेही थांबले होते. मी हे सगळं घरच्या सात्त्विक खाण्याच्या खात्यावर टाकलं होतं आणि चारचौघांत मिरवलंही होतं.

पुढच्याच आठवड्यात ठेंगूची वर्षाची तपासणी होती. डॉक्टरबाईंनी तिला भिंतीशी उभं करून उंची मोजली. एका वर्षात चार बोटं वाढली होती. त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, “आणि तुमची तपासणी? की अजून उद्याच?”

“झाली. काही नाही निघालं.”

“गहू खात असतानाच केली ना?”

“हो. रोज खाते.”

ठेंगू गर्रकन वळली. “आई, तू कुठं खातेस?”

मी बोटाचं पहिलं पेर दाखवलं. “एवढा. कामावर. खळीतून.” मग खळ म्हणजे काय तेही सांगितलं. डॉक्टरबाईंना आधी वाटलं मी थट्टा करतेय. नंतर त्यांनी पेन खाली ठेवलं.

“अहो बाई, आग विझल्यावर धूर शोधायला गेलात तुम्ही. ही तपासणी गहू पोटात असताना करायची असते, आणि चांगला पोटभर. बोटभर खळीनं रक्तात काही दिसत नाही. मागच्या वर्षी मी सांगितलं होतं, आधी रक्त द्या, मग गहू सोडा.”

मी बोट मिटून घेतलं. मग विचारलं, “पण हे आईबापांकडून येतं की नाही, ते एकदा सरळ सांगा.”

“रोग जसाच्या तसा येत नाही. येतं ते बीज. ते पुष्कळांच्या अंगात असतं, दहांतल्या तिघाचौघांच्या, आणि त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. पण घरात एकाला झालं की आईबाप, मुलं, भावंडं यांच्यात तपासलं तर दहांत साधारण एकाला सापडतं. हिला ते बीज तुमच्याकडून आलं असेल, हिच्या बाबांकडून आलं असेल, दोघांकडूनही आलं असेल. तुम्हाला स्वतःला रोग आहे का, एवढं मी तपासू शकते. तुमच्या आईवडिलांपैकी कुणाला पोटाचा त्रास होता?”

“नाही. बाबा नुसते बारीक होते. जरा आळशी होते.”

“आळशी म्हणजे?”

मी सांगायला लागले. सगळे त्यांना काडीपैलवान म्हणायचे. दुपारी काम टाकून कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवे व्हायचे. दिवसातून दहादा आत, संडासात जायचे. चोपन्नाव्या वर्षी बाथरूममध्ये साधे घसरले तर खुब्याचं हाड मोडलं, त्यातून ते उठलेच नाहीत. बोलता बोलता माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला आणि मी थांबले.

“या दुखण्यात हाडंही ठिसूळ होतात. पण गेलेल्या माणसाचं रक्त तपासता येत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमचं येतं. आठ आठवडे रोज पावाचे तीन जाड तुकडे खा आणि मग या. मध्येच फार त्रास झाला तर थांबू नका, मला फोन करा. आईंचंही रक्त घेऊन ठेवा.”

आईचं लगेच झालं. ती दोन गल्ल्या सोडून एकटी राहते आणि तीन वेळा पाव खाते. तिचं काही निघालं नाही. “माझ्या पोटाला दगड घाला, दगड पचेल,” ती म्हणाली. “आणि हे बापाचं काय काढलंय आता? त्यांना कसला रोग? कामाचा कंटाळा, दुसरं काय.”

मी पाव कामावरच खायचे, मागच्या दारात उभी राहून, आणि घरी जाण्याआधी चूळ भरून, कपडे झटकून निघायचे. पहिले आठ दिवस, खोटं कशाला बोलू, मजा आली. वर्षभरानं पावाचा वास, ती वरची कडक साल. माझ्या शेजारी प्रेस चालवते त्या बाईला मी म्हटलं, बघ, मला काही होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तोंड आलं. तिसऱ्यात पोट फुगायला लागलं आणि मी दिवसातून पाच-सहादा आत, संडासात पळायला लागले. मालक हा जुन्या मालकांचा मुलगा, आम्ही एकाच वयाचे. तो म्हणाला, “बाई, पुस्तकं बाहेर बांधायची ठरली होती, आत नाही.” सगळे हसले, मीही हसले. चौथ्या आठवड्यात हात जड झाले. शिवताना दोरा ओढायचा कंटाळा यायला लागला. मला, जिच्या बाकाचे खिळे उलटे होते तिला, कधी एकदा बसते असं व्हायचं. घरी ठेंगू माझ्याकडे बारकाईनं बघायची.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी मोठं काम निघालं होतं. दोनशे रजिस्टरं संध्याकाळपर्यंत हवी होती. मी कात्रणयंत्राशी उभी होते आणि पाय थरथरायला लागले. पात्याखाली बोट जायला नको म्हणून मागं सरले आणि भिंतीकडच्या कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवी झाले. दहा मिनिटं, म्हटलं, फक्त दहा मिनिटं. डोळे मिटले तेव्हा मालकाचा आवाज आला.

“काडीपैलवानाची पोर शोभतेस हो!”

त्याच्या मनात वाईट नव्हतं, जुनी थट्टा होती ती. पण मला एकदम ती दुसरी दुपार आठवली. मी सतरा वर्षांची होते. असंच मोठं काम होतं आणि बाबा याच गठ्ठ्यांवर आडवे झाले होते. सगळ्यांच्या कुजबुजीची मला लाज वाटत होती. मी मोठ्यानं म्हटलं होतं, “बाबा, तुम्ही झोपाच. तुमच्या वाटचं मी करते. नाहीतरी रोज तेच चाललंय.” सगळी खोली हसली होती. बाबाही हसले. मग भिंतीला धरून उठले, टेबलाशी आले, कढईत नुकत्याच शिजवलेल्या खळीत बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, “शिजलीय.” आणि ब्रश उचलून कामाला लागले.

ते हसले होते, म्हणून त्यांना लागलं नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या गठ्ठ्यांवर पडल्या पडल्या मला रडू फुटलं. प्रेसवाली बाई धावत आली, मालक बिचारा चपापला, “अगं, मी आपलं सहज,” म्हणाला. मी त्याला कसं सांगणार की मी तुझ्यामुळे रडत नाहीये?

नवरा म्हणाला, आता थांबव हे, डॉक्टरांना फोन कर. मी केला. त्या म्हणाल्या, त्रास एवढा असेल तर सहावा आठवडा भरला की या, तेवढ्यानं कळेल. त्या आठवड्यात मी रोज तीन तुकडे मोजून खाल्ले. मला ते खायचेच होते. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी मनातून रिपोर्टाची वाट बघत होते ती सुटण्यासाठी नाही. काही निघालं नसतं, तर बाबा आळशीच ठरले असते.

रक्तात निघालं. मग नळी घालून आतड्याचा तुकडा काढला, त्यातही निघालं. डॉक्टरबाईंनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, “वडिलांचं मी सिद्ध करू शकत नाही. पण तुम्ही सांगितलंत ते माझ्याकडे जिवंत माणूस सांगत आला असता, तर मी त्याच दिवशी तपासायला पाठवलं असतं.”

मी थेट आईकडे गेले. ती मटार सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, “आई, बाबांना कामाचा कंटाळा नव्हता. त्यांना दुखणं होतं. तेच, ठेंगूचं आणि माझं. पाव बाधायचा त्यांना.”

तिनं हातातली शेंग सोलली. दाणे काढले. पुन्हा तीच रिकामी शेंग उघडून पाहिली.

“पाव?”

“हो.”

“मी त्यांच्या डब्यात दोन तुकडे जास्त घालायचे,” आई म्हणाली. “अंगाला लागावं म्हणून. ते म्हणायचे, नको गं, जड होतं. मी म्हणायचे, खा, नखरे करू नका, खाल्लं नाही तर काम कसं होणार. माझ्यातला एक तुकडा कमी करून घालायचे मी.”

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. समजूत काय घालायची ते मला सुचेना, कारण तीच समजूत मला स्वतःला पटत नव्हती. आम्ही दोघींनी मिळून उरलेले मटार सोलले. मला एका जागी इतका वेळ बसलेलं आईनं कधी पाहिलं नसेल.

घरी आले तेव्हा ठेंगू टेबलाशी अभ्यास करत होती. वाटेत मी काय काय जुळवलं होतं. मला माफ कर म्हणायचं होतं, ताटापाशी तासभर बसवलं त्याबद्दलही म्हणायचं होतं. तिच्यासमोर उभी राहिले आणि एवढंच आलं, “माझ्याकडून आलंय. मलाही आहे.”

“नक्की?”

“दोनदा तपासलंय.”

तिचं तोंड उजळलं. तिला ते लपवायचं होतं, आईला रोग आहे म्हटल्यावर हसू नये एवढं तिला कळत होतं, पण तिला जमेना. “मग आता तुला खळ चाखता येणार नाही,” ती म्हणाली. “बोटभरसुद्धा नाही. आणि मैदा उडतो तिथं तोंडाला फडकं बांधायचं. आणि पाकिटावरचं बारीक अक्षर सगळं वाचायचं, नुसतं वरचं नाही. मी शिकवते.”

“शिकव.”

तिनं टाचा न उचलता तक्ता भिंतीवरून काढला आणि ‘पोट’च्या पुढं सावकाश ‘आईचं’ लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही म्हणून खोडून पुन्हा लिहिलं. मग मान वर केली.

“आणि तुझं कुणाकडून?”

“माझ्या बाबांकडून असावं. तुझ्या आजोबांकडून.”

तिनं कागदाच्या वरच्या कडेला, जिथं जागाच नव्हती तिथं, एक छोटा चौकोन काढला आणि त्यात ‘आजोबा’ लिहिलं. तिथून एक रेघ माझ्यापर्यंत आणली आणि माझ्यापासून स्वतःपर्यंत. पेन्सिल आजोबांच्या चौकोनापाशी थांबली.

“त्यांच्यासारखं घरात आणखी कोण होतं?”

“मी होते,” मी म्हटलं. “पण ते त्यांना कुणी सांगितलं नाही.”

“म्हणजे ते एकटेच?”

“हो.”

ठेंगूनं पेन्सिलीला टोक केलं. मग माझ्यापासून आजोबांपर्यंतची रेघ तिनं पुन्हा गिरवली, पेन्सिल दाबून, चांगली ठळक.